व्हाइट हाऊसचा रस्ता राज्याच्या निवडणुकीच्या तारखेवरून जातो

८ नोव्हेंबर १९९४ ला बुश घराण्यातले दोन सख्खे भाऊ एकाच दिवशी दोन मोठ्या राज्यांत गव्हर्नरपदाला उभे होते, थोरला जॉर्ज टेक्सासमध्ये आणि धाकटा जेब फ्लोरिडात, आणि तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं की दोघांतला पुढं जाणारा म्हणजे जेबच. निकाल उलटा लागला. जॉर्जने ॲन रिचर्ड्ससारख्या गाजलेल्या गव्हर्नरला हरवलं आणि जेब साधारण ६४ हजार मतांनी पडला, एवढ्या मोठ्या राज्यात ६४ हजार म्हणजे अगदी थोडक्यात हुकलं.

जेबने चार वर्षांनी परत उभं राहून १९९८ ला फ्लोरिडा जिंकलंच, पण तोवर जॉर्ज टेक्सासमध्ये ६८ टक्के मतं घेऊन दुसऱ्यांदा निवडून आला होता आणि २००० ची तयारीसुद्धा सुरू झाली होती. नुकती शपथ घेतलेल्या गव्हर्नरला लगेच प्रेसिडेंटचं तिकीट मागता येत नाही. पुढं आठ वर्षं भाऊच व्हाइट हाऊसमध्ये बसलेला, जेबची दुसरी टर्म जानेवारी २००७ ला संपली, आणि २०१६ साठी तो शेवटी मैदानात उतरला तोवर त्याचा रिपब्लिकन पक्षच पार बदलून गेला होता. आडनाव एकच, वडील दोघांचेही माजी प्रेसिडेंट, देणगीदारही बरेचसे तेच. फरक पडला तो एका तारखेला, आणि पुढची तारीख चार वर्षांनी होती.

अमेरिकेच्या निवडणुकीवर आपल्याकडं भरपूर चर्चा होते, कोण कसा बोलतो, कुणाकडं पैसा किती, कोणत्या राज्यात कुठली मतं फिरली, पण ज्या गव्हर्नरची चर्चा चाललीय त्याच्या राज्यात निवडणूक नेमकी कोणत्या वर्षी येते हे फार कमी लोक बघतात, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला पाहिजे.

तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवणारा माणूस, फक्त लोकांनी थेट निवडलेला. आपल्या राज्यपालासारखं दिल्लीहून नेमलेलं पद नाही ते. पन्नास राज्यांपैकी ३६ राज्यं गव्हर्नर निवडतात ते मिडटर्मला, म्हणजे प्रेसिडेंटच्या टर्मच्या बरोबर मध्यावर, १९९४, १९९८, २०२२ अशा वर्षी. ११ राज्यं प्रेसिडेंटबरोबर एकाच दिवशी मतदान करतात, यात नॉर्थ कॅरोलायना, वॉशिंग्टन, इंडियाना, मोंटाना वगैरे येतात. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट दोन्हीकडं मोजली जातात कारण तिथं अजून दोन वर्षांचीच टर्म आहे. उरली पाच, ती विषम वर्षात मत देतात, व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी प्रेसिडेंटच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी, आणि केंटकी, लुइझियाना, मिसिसिपी आधीच्या वर्षी.

हे सगळं काही पहिल्यापासून असं नव्हतं. पूर्वी एक वर्षाच्या, दोन वर्षांच्या, तीन वर्षांच्या टर्म होत्या, मॅसॅच्युसेट्समध्ये तर कॅल्विन कूलिजच्या वेळेपर्यंत गव्हर्नर दर वर्षी निवडायचे. विसाव्या शतकात एकेक राज्याने टर्म चार वर्षांची केली आणि करताना मुद्दाम ती प्रेसिडेंटच्या वर्षापासून लांब नेली, कारण राज्याचे रस्ते, शाळा, टॅक्स यांच्यावर बोलायला वेगळी वेळ मिळावी आणि वॉशिंग्टनच्या गदारोळात राज्याचा विषय बुडू नये. फ्लोरिडाने यासाठी १९६४ ला मुद्दाम दोनच वर्षांसाठी गव्हर्नर निवडला आणि १९६६ पासून मिडटर्मचं चक्र धरलं. इलिनॉयने तेच १९७६ आणि १९७८ ला केलं. हेतू चांगला होता आणि मला तो आजही पटतो.

पण त्यातून एक गोष्ट झाली जिचा विचार बहुतेक कुणी केला नसावा. मिडटर्मला प्रेसिडेंटच्या पक्षाला सहसा मार बसतो, लोक चिडलेले असतात आणि राग काढायला तीच निवडणूक समोर असते, त्यामुळं विरोधी पक्षाचे गव्हर्नर त्या वर्षी जास्त निवडून येतात. आता मागं जाऊन बघा. ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८२ च्या मिडटर्मला न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला आणि १८८४ ला प्रेसिडेंट, त्याआधी १८८१ ला तो बफेलोचा मेयर म्हणून निवडून आला होता. वुड्रो विल्सन टाफ्टच्या मिडटर्मला १९१० मध्ये न्यू जर्सीत निवडून आला, १९१२ ला प्रेसिडेंट. फ्रँकलिन रूझवेल्ट १९२८ ला न्यूयॉर्कमध्ये जेमतेम २५ हजारांनी वाचला होता, १९३० ला मंदी सुरू झाल्यावर तोच सव्वासात लाखांनी जिंकला आणि १९३२ ला कुणी विचारायचीच गरज राहिली नाही. रेगन १९६६ ला जॉन्सनच्या मिडटर्मला कॅलिफोर्नियात आला. कार्टर १९७० ला निक्सनच्या, जॉर्जियात, आणि थोरला बुश-पुत्र १९९४ ला क्लिंटनच्या. स्वतः क्लिंटन १९८० ला आर्कान्सामध्ये पडला होता, आणि परत उभा राहिला तो रेगनच्या १९८२ च्या मिडटर्मला. म्हणजे जो प्रेसिडेंट बसलाय त्याच्यावरच्या नाराजीतून त्याच्या विरोधकांची पुढची फळी तयार होते, आणि ती तयार होते राज्यांमध्ये. निवडून आलेल्या माणसाला मग काम करून दाखवायला थोडा वेळ मिळतो आणि समोर प्रेसिडेंटची निवडणूक येते, तीही स्वतःची खुर्ची शाबूत असताना.

हा खुर्चीचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. मिडटर्मच्या राज्यातला गव्हर्नर प्रेसिडेंटला उभा राहून हरला तर घरी येऊन परत गव्हर्नर. ज्याची टर्म संपतेय त्याला तर आणखी सोयीचं, कारण मिडटर्मला निवडलेल्या गव्हर्नरची टर्म जानेवारीत संपते तेव्हा प्रेसिडेंटची निवडणूक बावीस महिन्यांवर असते, बरोबर जेव्हा आयोवाला, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीची लढत परंपरेने जिथून सुरू होते त्या राज्यात, चकरा सुरू करायच्या असतात. जॉर्जियात तेव्हा लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला बंदी होती, कार्टर जानेवारी १९७५ ला मोकळा झाला, उमेदवारी त्याने महिनाभर आधीच जाहीर केली होती आणि १९७५ चं अख्खं वर्ष त्याने गावोगाव लोकांच्या घरी जाऊन बसण्यात घालवलं. मिट रॉमनी जानेवारी २००७ ला मॅसॅच्युसेट्समधून सुटला आणि फेब्रुवारीत उभा राहिला. कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम याची टर्म जानेवारी २०२७ ला संपते, आता २०२८ साठी त्याचं नाव का घेतात ते यावरूनच निम्मं कळतं.

आणि प्रेसिडेंटच्याच वर्षी निवडणूक असलेल्या राज्यांचं काय होतं ते बघा. जे इन्स्ली हा वॉशिंग्टन राज्याचा (राजधानीचं शहर नव्हे) गव्हर्नर, २०१९ ला प्रेसिडेंटसाठी उभा राहिला, ऑगस्टमध्ये माघार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरच्या तिसऱ्या टर्मची घोषणा केली, कारण आणखी थांबला असता तर घरचं तिकीटही गेलं असतं. मोंटानाच्या स्टीव्ह बुलकने आधी विधिमंडळाचं अधिवेशन संपू दिलं आणि मे २०१९ ला उतरला, तोवर उशीर झालेला, पहिल्या डिबेटमध्ये उभं राहण्याइतका पाठिंबाही गोळा झाला नव्हता.

पण सगळ्यात नेमकं चित्र माइक पेन्सचं आहे, जरी तो व्हाइस प्रेसिडेंटचा किस्सा असला तरी. पेन्स २०१६ ला इंडियानात परत गव्हर्नरला उभा होता आणि इंडियानाच्या कायद्याप्रमाणं दोन पदांना एकदम उभं राहता येत नाही. नाव मागं घ्यायची मुदत होती १५ जुलै, दुपारी बारा. ट्रंप नाव जाहीर करणार होता ती पत्रकार परिषद फ्रान्समधल्या नीसच्या हल्ल्यामुळं पुढं गेलेली, इकडं मुदत काही पुढं जात नव्हती, शेवटी १५ तारखेला सकाळी ट्रंपने ट्वीट केलं आणि बाराच्या आत पेन्सचे माघारीचे कागद इंडियानापोलिसच्या ऑफिसात पोचले. पक्षाच्या कमिटीने मग लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, एरिक होलकॉम्बला उभं केलं आणि नोव्हेंबरमध्ये तो जिंकलाही. मिडटर्मच्या राज्याचा गव्हर्नर असता तर त्या दुपारच्या बाराला काही अर्थच नसता.

कुणी म्हणेल की हे सगळं मोठ्या राज्यांमुळं आहे. यात तथ्य आहे आणि मी ते टाळत नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क, पेन्सिल्वेनिया, ओहायो ही सगळी मिडटर्मवाली, प्रेसिडेंटच्या वर्षातलं सगळ्यात मोठं राज्य नॉर्थ कॅरोलायना. पैसा आणि प्रसिद्धी मोठ्या राज्यात जास्त हे उघड आहे. पण आर्कान्सा काही मोठं राज्य नाही, कार्टरच्या वेळचं जॉर्जियाही आजच्यासारखं नव्हतं, आणि गेल्या पन्नास वर्षांत जे चार गव्हर्नर प्रेसिडेंट झाले, कार्टर, रेगन, क्लिंटन आणि बुश, ते चारही मिडटर्मच्या राज्यांतले. शिवाय तारीख सोयीची असून भागत नाही हेही खरंच. मारियो कुओमो न्यूयॉर्कचा, मिडटर्मवाला, तीनदा जिंकलेला, आणि २० डिसेंबर १९९१ ला न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा, अर्ज भरायला जायचं विमान ऑल्बनीच्या धावपट्टीवर उभं असताना त्याने राज्याचं बजेट अडलंय म्हणून नाही सांगितलं. त्या निर्णयाबद्दल लोक आजही काहीही बोलतात, मला मात्र त्यात एक गव्हर्नर दिसतो ज्याने आधी राज्याचं काम बघितलं.

विषम वर्षांची राज्यं अजून वेगळी. व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्मच नाही, आणि निवडणूक प्रेसिडेंटच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी, त्यामुळं व्हाइट हाऊसचं स्वप्न असेल तर शपथ घेऊन वर्ष होतं न होतं तोच बॅग भरायला लागते. डग वाइल्डरने तसं केलं, १९८९ ला निवडून आला, सप्टेंबर १९९१ ला प्रेसिडेंटसाठी उभा राहिला, राज्यात बजेटची बोंब होती आणि गव्हर्नर बाहेर, जानेवारी १९९२ ला माघार घ्यावी लागली. ग्लेन यंगकिन २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीची वाट बघत बसला, ती नोव्हेंबरमध्ये हातची गेली आणि विषय तिथंच संपला. व्हर्जिनियाचा गव्हर्नर राहून प्रेसिडेंट झालेला शेवटचा माणूस जॉन टायलर, आणि त्याची टर्म संपली १८४५ ला.

न्यू जर्सीवर मात्र जरा थांबायला पाहिजे, आपले मराठी लोकही तिथं खूप आहेत आणि त्यांनी हे सगळं जवळून बघितलंय. ३ जून २०१३ ला तिथले सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग वारले. गव्हर्नर क्रिस क्रिस्टीची स्वतःची निवडणूक ५ नोव्हेंबरला होतीच, सिनेटची जागा त्याच दिवशी भरता आली असती, एकच बूथ, एकच खर्च. क्रिस्टीने सिनेटची निवडणूक लावली १६ ऑक्टोबरला, बुधवारी, म्हणजे वीस दिवस आधी. प्रायमरी धरून त्याचा खर्च साधारण २.४ कोटी डॉलर. कारण त्याने सांगितलं की लोकांना लवकरात लवकर सिनेटर मिळावा, पण डेमोक्रॅटिक पक्षाचा कोरी बुकर त्याच बॅलटवर असता तर डेमोक्रॅटिक मतदार मोठ्या संख्येने आले असते आणि क्रिस्टीचं मार्जिन कमी झालं असतं हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. मार्जिन कशाला हवं होतं? २०१६ साठी. त्या वर्षी देशात दुसरी मोठी निवडणूक जवळपास नव्हतीच, सगळे कॅमेरे न्यू जर्सी आणि व्हर्जिनियावर, आणि निळ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाकडं झुकणाऱ्या, राज्यात साठ टक्के मतं घेणारा रिपब्लिकन म्हणून क्रिस्टी रातोरात देशाचा नेता झाला.

त्याच सप्टेंबरमध्ये फोर्ट ली गावात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर जाणाऱ्या लेन बंद केल्या गेल्या, शाळेच्या बस, ॲम्ब्युलन्स सगळं अडकलं. गावच्या डेमोक्रॅटिक मेयरने क्रिस्टीला पाठिंबा दिला नाही म्हणून हे केलं असा आरोप झाला. क्रिस्टीने मला माहीत नव्हतं असं सांगितलं, त्याच्यावर खटला झाला नाही, आणि ज्या दोघांना शिक्षा झाली ती २०२० ला सुप्रीम कोर्टाने रद्द केली, हेही सांगायलाच पाहिजे. पण विरोधी पक्षाच्या मेयरांचे पाठिंबे गोळा करायची एवढी घाई कशासाठी होती हा प्रश्न उरतोच. मग २०१५ चं वर्ष आलं आणि गव्हर्नर निम्म्याहून जास्त दिवस पूर्ण किंवा अर्धवेळ राज्याबाहेर. जानेवारी २०१६ च्या हिमवादळात दक्षिण जर्सीच्या किनाऱ्यावरच्या गावांत पाणी शिरलं, क्रिस्टी वादळापुरता आला आणि परत प्रचाराला न्यू हॅम्पशायरला गेला, तिथं कुणीतरी पुराबद्दल विचारलं तर मी तिथं मॉप घेऊन जाऊ का असं त्याचं उत्तर. न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत तो सहावा आला. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना त्या सहाव्या नंबरचा काय उपयोग?

माझं म्हणणं इथं येतं. राज्याची निवडणूक वेगळ्या वर्षी असणं चांगलंच आहे, ते बदलू नये, सगळं एका दिवशी आणलं तर राज्याचा विषय वॉशिंग्टनच्या आवाजात ऐकूच येणार नाही. पण त्या वेगळ्या तारखेमुळं गव्हर्नरला जो फुकटचा चान्स मिळतो त्याचं बिल राज्यातल्या लोकांनी भरू नये. प्रेसिडेंटला उभं राहायचंय तर खुर्ची सोडा आणि मग खुशाल फिरा. नियम अवघड नाही, फ्लोरिडात तो होताच, एका पदावर असताना दुसऱ्याला उभं राहायचं असेल तर आधी राजीनामा द्यायचा. आणि २०२३ ला काय झालं? रॉन डीसँटिस नोव्हेंबर २०२२ ला १९ टक्क्यांच्या फरकाने जिंकलेला, मे २०२३ ला प्रेसिडेंटसाठी उतरला, आणि त्याच महिन्यात प्रेसिडेंटच्या उमेदवाराला या नियमातून सूट देणारा कायदा झाला, सही त्याचीच. नियम कुणासाठी वाकवला हे झाकायचा प्रयत्नही झाला नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण राज्याचं विधिमंडळ राज्याच्या लोकांसाठी बसतं.

क्लिंटनने निदान लोकांना विचारायचा प्रयत्न केला. १९९० च्या प्रचारात त्याला सरळ प्रश्न आला होता की चार वर्षं पूर्ण करणार का, आणि तो हो म्हणाला होता. १९९१ ला विचार बदलला तेव्हा त्याने आर्कान्सात फिरून लोकांना विचारलं की मला या शब्दातून मोकळं कराल का, आणि ३ ऑक्टोबरला लिटल रॉकमध्ये उमेदवारी जाहीर केली. ज्यांना तो भेटला त्यांनी हो म्हटलं असेल, पण ते काही मतदान नव्हतं. आणि तो गव्हर्नर राहूनच लढला. जानेवारी १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरचा प्रचार ऐन भरात असताना तो रिकी रे रेक्टर या कैद्याच्या मृत्युदंडाच्या वेळी आर्कान्साला परत आला, ज्याच्या मेंदूला गोळीने गंभीर इजा झालेली होती. दया दाखवायचा अधिकार गव्हर्नरच्या हातात होता. तो निर्णय कायदा बघून झाला की देशभरातल्या मतदारांकडं बघून, हा संशय आजपर्यंत गेला नाही, आणि माझ्या मते उमेदवार असलेल्या गव्हर्नरच्या प्रत्येक सहीवर तो संशय राहतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी राजीनाम्याचा नियम मागेन.

याचा धागा आपल्याकडंही येतो, एकत्र निवडणुकांचं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलंय म्हणून. गुजरातची निवडणूक डिसेंबर २०१२ ला झाली, जूनमध्ये मोदी पक्षाचे प्रचारप्रमुख आणि सप्टेंबर २०१३ ला पंतप्रधानपदाचे उमेदवार, मुख्यमंत्रिपद मे २०१४ पर्यंत हातात. ओडिशाची विधानसभा २००४ पासून लोकसभेबरोबरच होते, नवीन पटनाईक पाच वेळा जिंकले पण २००० ची पहिली वेळ सोडली तर प्रत्येक वेळी लोकसभेच्या ऐन धामधुमीत त्यांना स्वतःचंच राज्य लढवायचं होतं. महाराष्ट्रात २००४ पासून विधानसभा लोकसभेनंतर सहा महिन्यांच्या आत येते, त्यामुळं दिल्लीची निवडणूक चालू असताना मुंबईतला मुख्यमंत्री स्वतःच्या परीक्षेच्या तोंडावर असतो. राज्य झाल्यापासून महाराष्ट्राचा एकही मुख्यमंत्री पंतप्रधान झाला नाही याची कारणं खूप आहेत, हे एकमेव नाही, पण सगळ्या राज्यांची तारीख एक केली तर सगळेच मुख्यमंत्री पटनाईकांच्या जागी येतील, आणि दिल्लीत जो बसलाय त्याला राज्यातून आव्हान देणारा उभाच राहणं अवघड होईल. हा मुद्दा त्या विधेयकाच्या चर्चेत खर्च आणि आचारसंहितेइतकाच यायला पाहिजे.

अमेरिकेत २०२६ ची मिडटर्म म्हणजे २०२८ ची पहिली फेरी. पेन्सिल्वेनियात जॉश शपिरो, इलिनॉयमध्ये जे. बी. प्रित्झकर, मेरीलँडमध्ये वेस मूर, तिघांचीही गव्हर्नरपदाची निवडणूक त्याच नोव्हेंबरमध्ये आणि तिघांचीही नावं प्रेसिडेंटसाठी घेतली जातात. चार वर्षं पूर्ण करणार का, उभं राहिलात तर राजीनामा देणार का, आणि तुम्ही गेलात तर राज्य कोण चालवणार, हे तीन प्रश्न त्यांना प्रत्येक डिबेटमध्ये विचारले गेले पाहिजेत. तिसरा प्रश्न लोक सोडून देतात. डिसेंबर २००० ला बुश वॉशिंग्टनला निघाला तेव्हा टेक्सासची खुर्ची लेफ्टनंट गव्हर्नर रिक पेरीला आपोआप मिळाली, आणि तो तिथून उठला जानेवारी २०१५ ला.